लेकीच्या अंगावरची शैली : झान लाँव्हँ आणि मातृत्वावर उभे राहिलेले एक दुकान

फॅशनच्या व्यवसायात दुकानाच्या मालकिणीचा पेहराव ही तिची खासगी बाब राहत नाही, कारण गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर मांडून ठेवलेल्या कपड्यांच्या आधी तिच्या अंगावरचा कपडा पाहते आणि तिच्या नजरेवर विश्वास टाकायचा की नाही हे त्यावरूनच ठरवते. ज्या लहान दुकानात एकाच व्यक्तीच्या अभिरुचीनुसार निवडलेले किंवा शिवून घेतलेले कपडे विकले जातात आणि ज्याला मराठीतही आता बुटीक असेच म्हटले जाते, त्याचे निम्मे भांडवल या विश्वासात गुंतलेले असते. अशी स्त्री आई होते तेव्हा तिच्या वेळेवर, शरीरावर आणि मिळकतीवर नवे हक्क सांगितले जाऊ लागतात, आणि त्यानंतर तिच्याविषयी जे काही लिहिले जाते त्यात ‘तारेवरची कसरत’ हे शब्द हटकून येतात. या शब्दांमागे एक गृहीतक असते : शैली एका पारड्यात, मूल दुसऱ्या पारड्यात, आणि एकाला दिलेला प्रत्येक तास दुसऱ्याकडून काढून घेतलेला. पॅरिसच्या झान लाँव्हँ (१८६७–१९४६) यांच्या आयुष्यात हा हिशेब लागू पडत नाही. त्यांनी स्वतःची शैली स्वतःच्या अंगावर कधी फारशी मिरवलीच नाही. ती त्यांनी मुलीच्या अंगावर घडवली आणि तेथून ती बाजारात आणली. या मार्गाने त्यांना काय साधले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या माय-लेकीच्या प्रसिद्ध चित्रातून काय वगळले गेले, हे दोन्ही पाहण्याजोगे आहे.

लाँव्हँ या अकरा भावंडांतल्या थोरल्या. घरची स्थिती बेताची असल्यामुळे लहान वयातच त्या कामाला लागल्या आणि किशोरवयात पॅरिसमधील मादाम फेलिक्स यांच्या दुकानात टोप्या सजवण्याचे काम शिकल्या. युरोपातील मध्यम आणि वरच्या वर्गातील स्त्री त्या काळी टोपीशिवाय घराबाहेर पडत नसे आणि ऋतू बदलला की टोपीही बदलत असे. त्यामुळे तयार साच्यावर फिती, पिसे, फुले, जाळी बसवून तिला रूप देणाऱ्या कारागिरांना, ज्यांना फ्रेंचमध्ये ‘मोदिस्त’ म्हणत, बारमाही काम असे. गरीब घरातील मुलीच्या दृष्टीने या धंद्याची मोठी सोय अशी होती की त्याला भांडवल थोडे लागे. पोशाख शिवायचा तर कापडाचे तागे, मापे घेण्याची खोली आणि अनेक हात हवेत. टोपीला मात्र एक टेबल, थोडे सामान आणि चांगली नजर पुरते. पुढे पोशाखकार गब्रिएल शनेल यांनीही १९१०मध्ये र्यू कांबों या रस्त्यावर सुरुवात केली ती टोप्यांच्याच दुकानाने. लाँव्हँ यांनी १८८९मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, स्वतःचे दुकान थाटले आणि १८९३मध्ये ते र्यू द्यु फोबूर सँतोनोरे या श्रीमंत वस्तीच्या रस्त्यावर २२ क्रमांकाच्या जागेत नेले.

या तारखांना एक कायदेशीर संदर्भ आहे आणि तो लक्षात घेतल्याशिवाय पुढची हकिगत नीट कळत नाही. नेपोलियनच्या काळात, १८०४मध्ये, अमलात आलेल्या फ्रेंच नागरी संहितेत पत्नीने पतीची आज्ञा पाळावी असे स्पष्ट कलम होते आणि ते १९३८पर्यंत टिकले. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने व्यापार करायचा असेल तर पतीची संमती आवश्यक असे. आपल्या मजुरीचा पैसा स्वतःच्या मर्जीने खर्च करण्याचा हक्क तिला १९०७मध्ये मिळाला, आणि पतीच्या परवानगीवाचून नोकरी-व्यवसाय करण्याची मोकळीक तर १९६५ उजाडेपर्यंत मिळाली नाही. घटस्फोटाची कायदेशीर वाट १८८४मध्ये पुन्हा खुली झाली होती. लाँव्हँ यांचे दुकान त्यांच्या लग्नाच्या आधीचे होते, त्यावर त्यांची पकड बसलेली होती आणि गिऱ्हाइके त्यांना नावाने ओळखत होती, ही गोष्ट म्हणूनच साधी ठरत नाही. १८९५च्या सुमारास त्यांनी एमिलिओ दि पिएत्रो या इटालियन उमरावाशी लग्न केले, ऑगस्ट १८९७मध्ये त्यांना मार्गरीत ही एकुलती मुलगी झाली आणि १९०३मध्ये हे लग्न मोडले. तेव्हा मुलगी पाच-सहा वर्षांची होती. उमरावाची पदवी गेली, पण दुकान राहिले. आणि एकट्या आईला मूल वाढवण्यासाठी जे लागते ते पदवीतून येणारे नव्हते.

मार्गरीत लहान असताना आई तिच्यासाठी कपडे शिवू लागली, आणि येथून हकिगत वेगळे वळण घेते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील सुखवस्तू घरांतल्या मुलींचे चांगले कपडे म्हणजे बहुधा आईच्याच कपड्यांची आखूड आवृत्ती असे : जड कापड, ताठ कळफ, अंगाशी घट्ट बसणारी शिवण. लाँव्हँ यांनी मुलीसाठी जे शिवले त्यात कापड हलके व मऊ, बेत सैल, रंग मोकळे आणि भरतकाम बारीक होते. मुलीला त्यात पळता येत होते आणि तरीही ती नीटनेटकी दिसत होती. टोप्या घ्यायला आलेल्या स्त्रियांच्या नजरेत हे कपडे भरले आणि त्यांनी आपल्या मुलींसाठी तसेच कपडे मागितले. १९०८मध्ये लाँव्हँ यांनी दुकानात मुलांच्या कपड्यांचा स्वतंत्र विभाग उघडला. वर्षभरातच त्या मुलींच्या आयांना आणि मोठ्या बहिणींना त्याच हाताचे कपडे स्वतःसाठीही हवेसे वाटले, म्हणून १९०९मध्ये तरुणींचा आणि स्त्रियांचा विभाग निघाला आणि लाँव्हँ पॅरिसच्या ‘ओत कुत्युर’ व्यावसायिकांच्या संघटनेत दाखल झाल्या. ओत कुत्युर म्हणजे ठरावीक गिऱ्हाइकाच्या मापाने, बहुतांश हातशिलाईने आणि अनेक ट्रायल घेऊन शिवलेला उंची पोशाख. तो तयार करणाऱ्या घराण्यांची ही संघटना असल्यामुळे तिच्यात प्रवेश मिळणे म्हणजे टोप्यांच्या दुकानदाराने पूर्ण पोशाखकाराचा दर्जा मिळवणे होते.

या घडामोडीतील क्रम उलटा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात आईच्या जुन्या लुगड्याच्या धडक्या पदरातून लेकीचे परकर-पोलके बेतण्याची रीत होती, म्हणजे कपडा आईकडून मुलीकडे येत असे. लाँव्हँ यांच्या दुकानात तो मुलीकडून आईकडे गेला. पाच वर्षांच्या मुलीसाठी सुचलेली सैल कंबर, हलके कापड आणि खेळकर भरतकाम पुढे तीस-चाळीस वर्षांच्या स्त्रियांच्या पोशाखात उतरले, आणि घट्ट कमरपट्ट्यांत आवळलेल्या शरीराला मोकळे करण्याची जी चळवळ त्या दशकात फॅशनमध्ये सुरू होती तिच्यात लाँव्हँ यांनी टाकलेली भर मुलांच्या खोलीतून आलेली होती. ‘गाझेत द्यु बाँ ताँ’ या फॅशनच्या नामांकित फ्रेंच नियतकालिकात पिएर ब्रिसो यांनी रंगवलेली लाँव्हँच्या पोशाखांची चित्रे पाहिली तर त्यांत आई आणि मूल एका चौकटीत वारंवार भेटतात. इतर घराण्यांच्या चित्रांत स्त्री आरशासमोर, नाट्यगृहात किंवा प्रियकराच्या वाटेवर असते. लाँव्हँची स्त्री पुष्कळदा मुलाकडे पाहत असते.

स्वतः लाँव्हँ मात्र साध्या, गडद रंगाच्या कपड्यांत वावरत. त्या मितभाषी होत्या, मेजवान्यांत फारशा रमत नसत आणि आपल्या व्यक्तिमत्त्वाचा बोलबाला होऊ देत नसत. या बाबतीत शनेल यांच्याशी तुलना केल्यावर फरक स्पष्ट होतो : शनेल या स्वतःच्या घराण्याच्या पहिल्या मॉडेल होत्या, त्यांचे कापलेले केस, त्यांची मोत्यांची माळ, उन्हाने रापलेली त्यांची त्वचा हे सारे विक्रीचे साधन झाले, आणि त्यांना मूल नव्हते. शैली स्वतःच्या देहावर वागवायची असेल तर तो देह सतत सज्ज, सडपातळ आणि मोकळा ठेवावा लागतो; बाळंतपण, जागरण आणि वय यांना त्या व्यवस्थेत जागा नसते. लाँव्हँ यांनी हा भार दुसरीकडे वळवला. त्यांची अभिरुची मार्गरीतच्या अंगावर दिसत होती, मुलगी वाढत होती तसा तिचा कपडा बदलत होता आणि त्यासोबत दुकानाचे विभागही वाढत होते. मुलांचा विभाग, मग तरुणींचा, मग स्त्रियांचा हा क्रम एका मुलीच्या वयाचाही क्रम आहे. व्यवसायाची चतुर आखणी म्हणून याकडे पाहता येते आणि मायेचा ओघ म्हणूनही. दोन्ही एकाच वेळी खरे असण्यात काही विसंगती नाही, जरी भावुक चरित्रकारांना पहिली गोष्ट आणि बाजाराच्या अभ्यासकांना दुसरी गोष्ट मान्य करणे जड जाते.

१९२०च्या दशकात हे वेगळेपण अधिक ठळक झाले. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये ‘गार्सोन’ म्हणजे मुलासारख्या दिसणाऱ्या तरुणीचा आदर्श रूढ झाला : सपाट छाती, नसलेली कंबर, गुडघ्यापर्यंतचा सरळसोट झगा. लाँव्हँ यांनी असे झगेही विकले, पण त्यासोबत ‘रोब द स्तील’ हा पोशाख चिकाटीने बाजारात ठेवला. अंगाला हलकेच बसणारी चोळी, किंचित खाली उतरलेली कंबर आणि नितंबांच्या दोन्ही बाजूंना अठराव्या शतकातील दरबारी घागऱ्यासारखा फुगलेला घेर असे त्याचे रूप होते. सरळ झगा ज्या शरीराला शोभतो ते शरीर सडपातळ व कोवळे असावे लागते. रोब द स्तील मात्र सोळा वर्षांच्या मुलीलाही खुलत असे आणि दोन-तीन बाळंतपणे झालेल्या तिच्या आईलाही. आई आणि मुलगी एकाच दुकानात, एकाच धाटणीचा कपडा घेऊन बाहेर पडू शकतील असा पोशाख त्या दशकात दुसऱ्या कोणी इतक्या सातत्याने दिला नाही, आणि लाँव्हँ यांचे खरे कर्तृत्व त्यांच्या पुढे गाजलेल्या अत्तरांपेक्षा या घेरदार घागऱ्यात शोधले पाहिजे.

रंगांच्या बाबतीत त्यांचा आग्रह इतका होता की १९२३मध्ये त्यांनी पॅरिसजवळ नांतेर येथे कापड रंगवण्याचा स्वतःचा कारखाना काढला. इटलीतील पंधराव्या शतकातील चित्रकार फ्रा आंजेलिको यांच्या भित्तिचित्रांतील निळ्यावरून घेतलेला रंग ‘लाँव्हँ निळा’ म्हणून ओळखला जाऊ लागला, तर एका गुलाबी छटेला मुलीच्या सासरच्या आडनावावरून ‘पोलिन्याक गुलाबी’ हे नाव मिळाले. देशोदेशीच्या वस्त्रांचे तुकडे, जुने पोशाख आणि कलेवरील ग्रंथ यांचा त्यांनी मोठा संग्रह केला होता आणि भरतकामाचे नमुने त्यातून निघत. १९२०मध्ये आर्मां-आल्बेर रातो या सजावटकारासोबत त्यांनी घरसजावटीचा विभाग उघडला आणि १९२६मध्ये पुरुषांच्या कपड्यांचाही. १९२५च्या सुमारास हजार-बाराशे माणसे त्यांच्याकडे कामाला होती. टोप्यांच्या टेबलापासून निघालेल्या स्त्रीने आता पाळण्यापासून दिवाणखान्यापर्यंत सारे घर आपल्या नजरेखाली आणले होते.

येथे त्यांचे समकालीन पोशाखकार पोल प्वारे यांचा उल्लेख करायला हवा. प्वारे यांनी १९११मध्ये अत्तरांचा व्यवसाय काढला तो थोरली मुलगी रोझीन हिच्या नावाने, आणि त्याच वर्षी सजावटीच्या कलेची शाळा काढली ती दुसरी मुलगी मार्तीन हिच्या नावाने. पोशाखकाराने स्वतःचे अत्तर विकण्याची कल्पना शनेल यांच्या १९२१च्या प्रसिद्ध अत्तराच्या दहा वर्षे आधी त्यांनी अमलात आणली होती. मुलांच्या नावावर व्यवसाय उभारणारा हा बाप मात्र फॅशनच्या इतिहासात उधळ्या, कल्पक, हट्टी अशा अनेक विशेषणांनी भेटतो. पितृत्व आणि धंदा यांचा मेळ त्याने कसा घातला असा प्रश्न त्याच्याविषयी कोणी विचारलेला आढळत नाही. हाच प्रश्न लाँव्हँ यांच्या प्रत्येक चरित्रात मध्यभागी असतो.

लाँव्हँ यांचे सर्वांत प्रसिद्ध अत्तर ‘आर्पेज’ १९२७मध्ये मार्गरीतच्या तिसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने निघाले. अत्तरकार आंद्रे फ्रेस यांनी ते पोल व्हाशे यांच्या साहाय्याने रचले. मार्गरीत संगीत शिकलेली होती आणि एकामागून एक झंकारणाऱ्या स्वरांच्या रचनेला पाश्चात्त्य संगीतात जो शब्द आहे तोच तिने या अत्तराला सुचवला, असे सांगितले जाते. रातो यांनी त्यासाठी काळी गोल बाटली आखली आणि तिच्यावर चित्रकार पोल इरीब यांचे सोनेरी रेखाचित्र उमटले : उंची पोशाखातील आई किंचित वाकून लहान मुलीचे हात धरते आहे, दोघींच्या डोक्यावर शिरोभूषण आहे, दोघींचे घेर एकमेकांत मिसळले आहेत. हे चित्र १९०७मधील एका छायाचित्रावरून घेतले होते, ज्यात झान आणि दहा वर्षांची मार्गरीत वेषभूषेच्या नृत्यसमारंभासाठी नटलेल्या आहेत. ज्या स्त्रीने आपला चेहरा जाहिरातीपासून दूर ठेवला तिने मुलीसोबतचा हा क्षण आपल्या घराण्याची मुद्रा म्हणून स्वीकारला, आणि तो जगभर विकला गेला.

या मुद्रेत जे दिसत नाही त्याकडेही पाहिले पाहिजे. त्यात आई आहे, पण गर्भारपण नाही. मूल आहे, पण तान्हे नाही. हे मातृत्व अंघोळ घातलेले, वेणीफणी केलेले आणि समारंभाला निघालेले आहे. मातेच्या शरीराचा प्रश्न त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे दुसऱ्याच एका दुकानदार आईने हाती घेतला. लिथुआनियातून १८९५मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या लेना हिमेलस्टाइन या ज्यू तरुणीने डेव्हिड ब्रायंट या जवाहिऱ्याशी लग्न केले, पण मूल तान्हे असतानाच तो वारला. तेव्हा त्याने दिलेली हिऱ्यांची कर्णभूषणे गहाण ठेवून तिने शिवणयंत्र घेतले आणि शिवणकामावर पोट भरू लागली. १९०४मध्ये तिने दुकान काढले आणि बँकेच्या कागदात तिचे नाव लेनाऐवजी चुकून ‘लेन’ असे लिहिले गेल्यामुळे दुकान ‘लेन ब्रायंट’ या नावानेच प्रसिद्ध झाले. एका गर्भवती गिऱ्हाइकाने चारचौघांत वावरता येईल पण शरीराला जाच होणार नाही असा कपडा मागितला, त्यावर तिने लवचीक कंबरपट्टी आणि खाली एकसारख्या बारीक चुण्यांचा घेर असा झगा शिवला. पोट वाढेल तसा हा झगा वाढत जाई. गर्भवती स्त्रीने लोकांपुढे येऊ नये हा संकेत इतका प्रबळ होता की वृत्तपत्रे अशा कपड्यांची जाहिरात छापायला तयार होत नसत. १९११मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने ती छापली आणि दुकानातला सारा माल संपून गेला. लाँव्हँ यांनी मातृत्वाला देखणे केले आणि लेना ब्रायंट यांनी त्याला घराबाहेर पडायला कपडा दिला. समाजाच्या दृष्टीने दुसरे काम अधिक धीट होते, हे मान्य करावे लागते.

वगळले गेलेले दुसरे चित्र कामाच्या खोल्यांतले आहे. ओत कुत्युरच्या प्रत्येक पोशाखामागे शिवणाऱ्या, भरत भरणाऱ्या, मणी ओवणाऱ्या शेकडो तरुणी असत, आणि त्यांपैकी अनेक स्वतः आया होत्या. फ्रान्समध्ये १९०९च्या कायद्याने बाळंतपणात आठ आठवडे गैरहजर राहिलेल्या कामगार स्त्रीची नोकरी सुरक्षित केली, पण त्या काळातील पगाराची सोय केली नाही. १९१३च्या कायद्याने बाळंतपणानंतर चार आठवडे सक्तीची विश्रांती आणि अल्पसा दैनिक भत्ता दिला. मे १९१७मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या तरुणींनी महागाईभत्त्यासाठी आणि शनिवारच्या अर्ध्या सुट्टीसाठी संप केला, रस्त्यांवरून मिरवणुका काढल्या आणि जूनमध्ये ही सुट्टी कायद्याने मिळवली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील कायद्याने अंगावर पाजणाऱ्या आईला मुलाच्या पहिल्या वर्षात दिवसाकाठी एक तास मोकळा दिला. शनिवारची दुपार आणि हा एक तास, यांवरच त्या आयांचा समतोल अवलंबून होता.

मालकांपैकी या बाबतीत सर्वांत पुढे गेल्या त्या मादलेन व्हियोने. त्यांनी लहान वयात शिलाई शिकायला सुरुवात केली, कोवळ्या वयात लग्न केले आणि त्यांची तान्ही मुलगी दगावली. १९२३मध्ये आव्हन्यू मोंतेन्य येथे त्यांनी जे भव्य शिवणघर उभारले तेथे कामगार स्त्रियांसाठी दवाखाना, भोजनगृह आणि पाळणाघर होते, तसेच पगारी रजाही दिली जात असे. कापड तिरके बेतून ते अंगावर आपोआप वळेल असे कापण्याच्या तंत्रासाठी व्हियोने यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या पाळणाघराला मात्र फॅशनच्या पुस्तकांत क्वचितच एखादी ओळ मिळते.

लाँव्हँ यांच्या मायेचा भार ज्या मुलीवर पडला तिचे काय झाले, हाही प्रश्न उरतो. आईच्या कल्पनेतील पूर्णत्व अंगावर वागवत वाढलेल्या मार्गरीतने स्वतःसाठी शिवणटिपण निवडले नाही. तिने गाणे निवडले. तिचे पहिले लग्न फ्रान्सचे पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो यांच्या नातवाशी झाले, ते टिकले नाही. पुढे काउंट झां द पोलिन्याक यांच्याशी लग्न झाल्यावर ती मारी-ब्लांश द पोलिन्याक या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या घरी संगीतकारांची बैठक जमत असे, संगीतकार फ्रांसिस पुलांक हे तिच्या स्नेह्यांपैकी होते, आणि १९३७मध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांनी जुन्या काळातील संगीतकार मोन्तेव्हेर्दी यांच्या रचनांचे जे ध्वनिमुद्रण केले त्यात तिचा आवाज आहे. आईने स्वतःच्या राहत्या घराची जी सजावट रातो यांच्याकडून करून घेतली होती तिच्यात डेझीची फुले आहेत, कारण फ्रेंचमध्ये त्या फुलाला मार्गरीत म्हणतात. त्या घरातील तीन खोल्या आज पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात जपलेल्या आहेत. नव्या नावाने स्वतःचे जग उभारणाऱ्या मुलीला आईच्या भिंतींवर जुन्या नावाने राहावे लागले, असे म्हणणे थोडे कठोर होईल, पण अगदीच निराधार होणार नाही. एदुआर व्हुइयार या चित्रकाराने दोघींची स्वतंत्र चित्रे काढली आणि दोन्ही ओर्से संग्रहालयाच्या संग्रहात आहेत : मुलगी घरातल्या खोलीत बसलेली आहे आणि आई कार्यालयातल्या टेबलाशी. लाँव्हँ यांना कोठे राहायला आवडत असे याविषयी पत्रांपेक्षा आईचे हे चित्र अधिक सांगते.

जुलै १९४६मध्ये लाँव्हँ वारल्यानंतर घराण्याची सूत्रे मारी-ब्लांशकडे आली आणि १९५०मध्ये तिने आंतोनिओ कास्तिलो या स्पॅनिश पोशाखकाराला रचनेची जबाबदारी दिली. ती १९५८मध्ये वारली. तिला मूल नव्हते. जे घराणे आई आणि मुलीच्या मुद्रेखाली उभे होते ते तिसऱ्या पिढीत सरळ रेषेने पोहोचले नाही, कुटुंबातील इतरांकडे गेले आणि अनेक मालक बदलत २०१८मध्ये फोसुन या चिनी उद्योगसमूहाच्या ताब्यात आले.

लाँव्हँ यांची युक्ती आज पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरच्या बुटीकांत रोज वापरली जाते, बहुधा त्यांचे नावही माहीत नसताना. पैठणीच्या कापडातून आई आणि मुलीसाठी एकाच काठाचे जोडपोशाख शिवले जातात, त्यांची छायाचित्रे मालकीण स्वतःच्या लेकीला सोबत घेऊन इन्स्टाग्रामवर टाकते आणि लग्नसराईच्या आधी ऑर्डरी त्यावरूनच येतात. फरक इतकाच की लाँव्हँ यांनी स्वतःला चौकटीबाहेर ठेवले होते, तर येथे मालकीण मापे घेणारी, कटिंग मास्टरशी वाद घालणारी, मॉडेल आणि आई या चारही भूमिकांत एकटीच असते, आणि बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत तिला पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभे राहावे लागते, कारण पाने रिकामी राहिली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. तिच्या कौतुकाचे लेख भरपूर निघतात; तिच्या रजेची चर्चा त्यांत नसते. भारतातील १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ही रजा नोकरीतील स्त्रीसाठी आहे, आणि दुकानांच्या बाबतीत ती दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणीच लागू करण्यात आली. एक मालकीण, एक शिलाई करणारी आणि एक आरी वर्क करणारी एवढ्यांवर चालणाऱ्या बुटीकमध्ये त्या तिघींपैकी कोणीही आई झाली, तरी या तरतुदीचा लाभ तिला मिळत नाही.